महालक्ष्म्या जेवत असताना

महाल, नागपूर
दि. १८ सप्टेंबर १९५७

चि. केशव यास आशीर्वाद.

राजधानी भोपाळला गेली आणि सचिवालयाच्या कागदपत्रांबरोबर तूही गेलास, त्याला आता वर्ष होत आले. या अवधीत तुझे एकच कार्ड आले. त्यात ‘सुखरूप पोहोचलो’ एवढेच वाक्य होते आणि त्याचा कर्ताही अध्याहृत होता. उत्तर देण्याजोगे त्यात काही नसल्यामुळे मी उत्तर दिले नाही.

आजचे पत्र समेटासाठी नाही. कोराडीच्या नवसाविषयी तेव्हा जे म्हणालो, तेच आजही म्हणेन. नात चि. उत्तरा हिचा विषमज्वर औषधाने उतरला. तुझ्या पत्नीने देवीला बोललेल्या खणनारळाने नव्हे. हे तिच्या माहेरच्या माणसांसमोर म्हणावयास नको होते, असे तुझे मत होते आणि त्या मतापायी तू घरातून जेवल्यावाचून गेलास. तो विषय येथे संपवतो.

लिहिण्याचे कारण तुझ्या आईचे डोळे हे आहे.

श्रावणात तिला सदरमधील नेत्रवैद्यांकडे नेले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा पूर्ण पिकला आहे. थंडी पडताच तो काढला पाहिजे, फार थांबल्यास डोळा कायमचा जाईल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. तुझ्या आईने तेव्हा मान हलवून होकार दिला. आता ती नाही म्हणते. ‘देवी घरात येऊन गेली, आता डोळ्यांचं ती पाहील,’ असे ती म्हणते. या वाक्यामागे काय घडले ते तुला सविस्तर कळवणे आवश्यक आहे.

यंदा तू आणि सौ. अरुंधती नसल्यामुळे भाद्रपदातील महालक्ष्म्यांच्या पूजेला तांबडा रेशमी कद नेसून मला बसावे लागले. तुझ्या आईने महालक्ष्म्या एकटीने, चाचपडत उभ्या केल्या. शेजारच्या बायका मदतीला येत होत्या, त्यांना तिने हात लावू दिला नाही. पूजा करताना माझ्या लक्षात आले की मुखवट्यांची अदलाबदल झाली आहे. हिरव्या खड्याची ज्येष्ठा आपल्या घरी उजव्या हाताला असते. ती डावीकडे होती आणि लाल खड्याची कनिष्ठा उजवीकडे. बायकांसमोर हे बोलणे मी टाळले. आरती झाली, आंबील-पुरणाचा नैवेद्य दाखवला आणि देवींना निवांत जेवता यावे म्हणून रीतीप्रमाणे खोलीचे दार लोटून सर्वजण ओसरीवर येऊन बसले.

चूक डोळ्यांसमोर असताना मला स्वस्थ बसवत नाही, हे तू जाणतोस. मी स्वयंपाकघराच्या बाजूने आत गेलो, मुखवटे उतरवले, ज्याच्या त्याच्या जागी बसवले, ज्येष्ठेची नथ सरळ केली आणि बाहेर आलो. याखेरीज तेथे काहीही घडले नाही.

दार उघडले तेव्हा मागच्या विणकरांच्या गल्लीतील सखूबाई उंबऱ्याशीच होत्या. त्या ओरडल्या, ‘अवं बाई! देव्यायनं जागा बदलल्या!’ आणि तुझी आई, जी दाराच्या फटीशी टेकून बसली होती, हलक्या आवाजात म्हणाली, ‘लाल काहीतरी उठलेलं मलाही दिसलं.’ मग काय विचारतोस? शुक्रवारी बायका, मंगळवारी बायका. काल तर कोणी तिच्या पायांवर पाणी घातले.

तो लाल पदार्थ म्हणजे मी होतो, हे तुला सांगितले. तिला अद्याप सांगितलेले नाही. तू मुलगा आहेस, तुझे ती ऐकते. येऊन तिची समजूत घाल.

द. ग. मुळमुळे


महाल, नागपूर
दि. ९ ऑक्टोबर १९५७

चि. केशव यास आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. ‘आईला जे दिसते ते दिसू द्या, त्यात कुणाचे काय बिघडते?’ असे तू लिहितोस. पुढे लिहितोस की हा निरुपद्रवी विरंगुळा आहे, आणि सून-नात जवळ नसताना चार बायका येऊन बसतात हे चांगलेच आहे. शस्त्रक्रियेचे ‘सावकाश पाहू’.

श्रद्धेला मी आजवर सक्त विरोध कधी केला? तुझ्या आईचे उपास, उद्यापने, चातुर्मासाचे नेम माझ्या नजरेसमोर झाले आणि त्यांच्या पारण्याचे जेवण मी आवडीने जेवलो. पण उपास सोडता येतो, गेलेला डोळा परत आणता येत नाही. एखादी समजूत नारळावर भागत असेल तर तिला निरुपद्रवी म्हणावे. ती डोळा मागू लागली म्हणजे तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारावी. माझ्या मते ते नाव मूर्खपणा. तुला अधिक सौम्य शब्द सुचल्यास कळव.

पत्राच्या शेवटी तू विचारतोस, ‘तुम्ही आजवर सर्वांना तोंडावर खरे सांगत आलात, मग आईलाच का सांगितले नाही?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर पुढे देतो.

त्याआधी गेल्या शुक्रवारची हकीकत. तुझी आई आत माजघरात होती. सखूबाई हार घेऊन आल्या. मी दारातच उभा राहिलो. त्यांचे बोलणे जसेच्या तसे लिहितो. दुसऱ्याचे वाक्य दुरुस्त करून उद्धृत करणे हा अप्रामाणिकपणा आहे.

‘काहून उभे आहात मास्तर दारात? सरका ना, दर्शन घेऊ द्या.’

‘सखूबाई, त्या दिवशी आत देवी उठली नाही. मी उठलो होतो. मुखवटे मी बदलले.’

‘तुमी?’

‘मी. याच हातांनी.’

त्या माझ्या हातांकडे पाहत राहिल्या. ‘अन् तुमाले आत पाठवलं कोनं?’

‘कोणीही नाही. चूक दिसली, दुरुस्त केली.’

‘आजपावतो कधी पाय टाकला होता का त्या खोलीत? सारी गल्ली जानते, आत आरती चालली का तुमी ओसरीवर पेपर वाचून राहता. मंग याच साली कसे गेले?’

‘केशव येथे नाही, म्हणून.’

‘हो ना! पोराले तिनं भोपाळले धाडलं, तुमाले कद नेसवला, अन् आपलं काम करून घेतलं.’ येथे त्यांनी दोन्ही गालांना हात लावून घेतला. ‘मुखवटे त काय मास्तर, लेकरू बी हालवते. तुमच्यासारख्या मानसाले हालवलं तिनं! याच्याहून मोठा चमत्कार कोनता पाह्यजे?’

मध्य प्रदेशाची राजधानी हलवण्यास केंद्र सरकारची नव्हे, तर आपल्या महालक्ष्म्यांची इच्छा कारण झाली, हे मला प्रथमच समजले. मी पुराव्यांविषयी बोलू लागलो, तोवर त्या मला ओलांडून आत गेल्या होत्या.

ही वार्ता त्यांच्याकडून बायकांत जाईल आणि तेथून आपोआप तुझ्या आईच्या कानी पडेल, या हिशेबाने मी ती सखूबाईंना सांगितली, असा तुझा तर्क होऊ शकेल. तो तर्क निराधार आहे. मात्र वार्ता गेली खरी. परिणाम एवढाच की मंगळवारी दोन बायका माझ्याही पाया पडल्या.

तुझ्या आईच्याही कानी ती गेली. तिने फक्त विचारले, ‘चहा टाकू का?’ आणि भांडे चाचपताना दूध सांडले.

पत्र लांबल्यामुळे तुझ्या प्रश्नाचे उत्तर राहून गेले.

द. ग. मुळमुळे


महाल, नागपूर
दि. २१ नोव्हेंबर १९५७

चि. केशव यास अनेक आशीर्वाद.

दिवाळीला तू येशील, अशी तुझ्या आईची अपेक्षा होती. तिने करंज्यांचा डबा अद्याप उघडू दिलेला नाही. मी केवळ माहितीसाठी लिहितो.

थंडी पडली. नेत्रवैद्यांनी निरोप पाठवला की या महिन्यापलीकडे उजव्या डोळ्याची हमी ते देणार नाहीत. काल मी तिच्याशी बोललो. काय बोलणे झाले ते कळणे हा तुझा अधिकार आहे.

सकाळी सखूबाई आपल्या नातीला कडेवर घेऊन आल्या होत्या. पोरीचे डोळे आले होते. पापण्या चिकटून बसल्या होत्या. ‘हात फिरव वं माय हिच्या डोयावरून,’ त्या तुझ्या आईला म्हणाल्या. मी ओसरीवरून पाहत होतो. माझ्या मनात आले, आता या मूर्खपणाची कसोटी लागणार. आता ही हात फिरवील आणि ते लेकरू आंधळे होईल.

तुझ्या आईने पोरीच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि ती म्हणाली, ‘सखूबाई, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने वं तिला. देवीला मी सांगते, डॉक्टरला तू सांग.’

‘पन तुझ्या हातानं—’

‘माझ्या हाताला फोडणीसुद्धा दिसत नाही. जा आधी.’

त्या गेल्या. दुपारी तुझी आई ओसरीवर वाती वळत बसली. ते काम तिला न पाहता येते. मी वर्तमानपत्र खाली ठेवले.

‘दुसऱ्याच्या नातीला दवाखाना आणि स्वतःला देवी. ही विसंगती मला समजावून सांग.’

‘मी काय समजावणार? समजावून सांगायचं खातं तुमच्याकडे.’

‘त्या दिवशी खोलीत मी होतो.’

‘माहीत आहे.’

‘सखूबाईंनी सांगितले?’

‘तिच्या आधीपासून. पूजेच्या संध्याकाळी तुमचं उपरणं घडी घालून ठेवलं. त्याला केवड्याचा वास येऊन राहिला होता. केवडा फक्त मुखवट्यांना माळला होता मी.’

मी विचारले, ‘मग लाल काहीतरी उठले, असे सर्वांसमोर का म्हणालीस?’

‘दिसलं म्हणून म्हणाले. खोटं कुठे बोलले? देवी म्हणाल्या त्या बायका. मीही मानलं, संध्याकाळपर्यंत.’ वात वळणारा तिचा हात थांबला. ‘फार बरं वाटलं हो, तेवढा वेळ.’

‘आणि संध्याकाळनंतर?’

‘संध्याकाळनंतर काय सांगायचं होतं? ज्येष्ठा कोणती अन् कनिष्ठा कोणती ते मला ओळखू आलं नाही, हे? सून भोपाळला, मुलगा भोपाळला, अन् मी या घरच्या लक्ष्म्या उलट्या उभ्या केल्या. त्या चमत्कार म्हणाल्या अन् मी सुटले.’

मी म्हणालो की ही लज्जा समजण्याजोगी आहे, परंतु तिचा शस्त्रक्रियेशी संबंध पोहोचत नाही.

तिने हातातील वात बाजूला ठेवली. मग म्हणाली, ‘भीती वाटते मला. जागेपणी डोळ्यात सुरी घालणार. मग दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून, डोक्याला वाळूच्या पिशव्या लावून उताणं पाडून ठेवणार. हलायचं नाही, खोकायचं नाही. आता निदान लाल-पांढरं तरी दिसतं. उघडल्यावर तेही नसलं तर?’

‘हे मला सांगावयाचे.’

‘तुम्हाला सांगितलं असतं, तर भीती कशी निराधार आहे ते तुम्ही सांगितलं असतं. देवीचं नाव घेतलं म्हणून रागावून का होईना, गप्प बसलात.’

केशव, त्या क्षणी माझ्याजवळ भीती निराधार असल्याचे वाक्य पूर्ण तयार होते. त्याला जोडावयाची कारणेही क्रमाने लागलेली होती. मी ते वाक्य उच्चारले नाही. तिला मान हलवलेली दिसत नाही, म्हणून तिच्या टोपलीतील कापूस उचलला आणि एक वात वळली. ती नीट झाली नाही. तिने ती माझ्या हातातून घेतली, उलगडली आणि पुन्हा वळली.

वळता वळता म्हणाली, ‘अन् एक विचारू? मुखवट्याला हात लावायच्या आधी तुम्ही वाकला होतात ना? लाल आधी वाकलं अन् मग उठलं. केवड्याचा वास आला तेव्हा ते आठवलं अन् पटलं मला. देवी कशाला कोणापुढे वाकेल?’

माझ्या पहिल्या पत्रात ही बाब नाही, हे तुझ्या ध्यानी येईल. विषयाशी संबंध नसल्यामुळे मी ती वगळली होती. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्यापूर्वी त्याची अनुमती घ्यावी, तसे ते होते. ती केवळ रीत होती.

असो. ती शस्त्रक्रियेस तयार आहे, एका अटीवर. सौ. अरुंधतीने यावे, तिचा हात धरून ती इस्पितळात जाईल. ‘अरुंधती घाबरली म्हणजे घाबरले म्हणते,’ असे ती म्हणाली. ‘तिच्याजवळ मलाही म्हणता येतं.’ आणि सुनेला स्वतंत्र पत्र मी लिहावे. तुझ्या पत्राच्या शेवटी एखादी ओळ जोडलेली चालणार नाही. ते सोबतच्या पाकिटात आहे. फोडू नकोस.

तुझा
द. ग. मुळमुळे


महाल, नागपूर
दि. २१ नोव्हेंबर १९५७

चि. सौ. अरुंधती हीस अनेक आशीर्वाद.

तुला लिहिलेले हे माझे पहिलेच पत्र. मायना कसा असावा याचा विचार करण्यात बराच वेळ गेला.

तुझ्या सासूबाईंचा डोळा काढावयाचा नसून वाचवावयाचा आहे, तरीही त्यांना भीती वाटते. त्यांची समजूत घालणे मला जमले नाही. समजूत घालणे आणि पटवून देणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असे दिसते. मी आयुष्यभर दुसरीच शिकवली. त्यांना तू हवी आहेस. मलाही तू यावीस असे वाटते.

उत्तरेच्या आजारात तू देवीला काय बोललीस ते योग्य की अयोग्य, याबद्दल माझे मत तुला ठाऊक आहे आणि ते मी मागे घेत नाही. पण त्या दिवसांत तू तिच्या उशाशी बसून होतीस आणि मी शेजारच्या खोलीत औषधांच्या बाटल्यांवरील सूचना वाचत होतो. तुझे तोंड तेव्हा कसे झाले होते, ते मी पाहिले होते. तुझ्या माहेरच्या मंडळींसमोर बोलताना ते माझ्या ध्यानात राहिले नाही.

उत्तरेस घेऊन ये. करंज्यांचा डबा तुझ्या हातून उघडावयाचा आहे.

तुझा सासरा
दत्तात्रय


महाल, नागपूर
दि. ९ फेब्रुवारी १९५८

चि. केशव यास अनेक आशीर्वाद.

रजा संपवून तू परत गेलास, त्यानंतरची हकीकत. सौ. अरुंधती रोज लिहितेच. परंतु ती तुला ‘आई छान आहेत’ एवढे कळवीत असणार, आणि ‘छान’ या शब्दातून डोळ्याची स्थिती समजत नाही.

परवा जाड भिंगांचा चष्मा मिळाला. उजव्या डोळ्याने तिला उत्तम दिसते. वस्तू मोठ्या आणि जवळ दिसतात, त्यामुळे ती पेला धरावयास जाते आणि हात अलीकडेच मिटतो. नेत्रवैद्य म्हणतात की हे सवयीने जाईल. डावा डोळा पुढील थंडीत.

इस्पितळात पट्टी बांधलेली असताना ती अरुंधतीचा हात धरून सारखी पुटपुटत असे. मला वाटले, स्तोत्र. जवळ जाऊन ऐकले तर दोघी ‘भीती वाटते, भीती वाटते’ असे आळीपाळीने म्हणत होत्या आणि मध्येच हसत होत्या. हलावयाचे नाही, असे डॉक्टरांचे बजावणे असल्यामुळे मी हरकत घेणार होतो. घेतली नाही. बाहेर बाकावर जाऊन बसलो.

चष्मा डोळ्यांवर चढताच तिने पहिली मागणी केली ती मुखवट्यांची. पेटी काढली. तिने दोन्ही मुखवटे खिडकीशी नेऊन न्याहाळले. ‘कनिष्ठेच्या गालाचा केवढा पोपडा गेलाय! अन् मी दरसाल तसंच कुंकू लावत राहिले.’ मग एक मुखवटा माझ्यापुढे धरला. ‘ही कोण?’

‘ज्येष्ठा. हिरवा खडा.’

‘येतं तुम्हाला,’ ती म्हणाली आणि तो पुन्हा मऊ फडक्यात गुंडाळला.

सखूबाई नातीला घेऊन भेटीस आल्या. नातीचे डोळे उत्तम आहेत. दवाखान्यातले औषध आणि देवीचा अंगारा दोन्ही लावले, असे सखूबाईंनी सांगितले. कशाने बरे झाले, हे मी विचारले नाही. तुझ्या आईला ओवाळून त्यांनी विचारले, ‘मंग वं माय, आता नव्या डोयानं देवी दिसते का नाही?’

तुझी आई थंडी निघेपर्यंत सोवळ्याचे स्नान करू शकत नाही, म्हणून सध्या पूजा मी करतो. पूजा आटोपून मी नित्याप्रमाणे ओसरीवर बसलो होतो. तुझ्या आईने चष्मा नाकावर सरळ केला आणि माझ्याकडे बोट दाखवले.

‘दिसते ना. ती बघ, कद नेसून पेपर वाचून राहिली.’

सखूबाई इतक्या हसल्या की त्यांना उंबऱ्यावर बसावे लागले. आतून अरुंधतीचे हसणे ऐकू आले. मी वर्तमानपत्र थोडे वर धरले.

तू विचारले होतेस, यात कुणाचे काय बिघडते. मी म्हणालो होतो, डोळा जातो. आपण दोघे देवीविषयी वाद करीत राहिलो, आणि जिचा डोळा जात होता ती वाती वळत गप्प बसली होती. तरीही माझे मत बदलले आहे असे समजू नकोस. त्या खोलीत देवी उठली नाही. मी उठलो होतो. कोणीही विचारले तर मी हेच सांगेन. सखूबाईंनी परवा पुन्हा विचारले, मी हेच सांगितले, आणि त्यांनी पुन्हा गालांना हात लावून घेतला.

आणखी एक. कोराडीचा नवस फेडावयाचा राहिला आहे, असे तुझी आई म्हणते. नवस बोलावा की बोलू नये, हा एक प्रश्न. बोललेला शब्द पुरा करावा, हा दुसरा. दुसऱ्याबद्दल मतभेद नसावा. चैत्री नवरात्रात चार दिवसांची रजा काढ. खण मी इतवारीतून आणला आहे. रंग अरुंधतीने निवडला. मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो. कोराडीला मी मंडळींबरोबर येईन. आत येईन की नाही, ते तेथे गेल्यावर पाहू.

शेवटी एक किरकोळ बाब. इस्पितळात असताना तुझ्या आईने देवापुढे सांजवात लावण्याचे काम माझ्यावर सोपवले होते. चष्मा आल्यावर ते तिच्याकडे परत गेले, म्हणजे जावयास हवे होते. काल ती काडेपेटी घेऊन आली, तेव्हा वात लावून झाली होती. आजही तसेच झाले. ती चष्म्यातून नुसती पाहत उभी राहिली.

तू यावरून निष्कर्ष काढू नयेस, म्हणून कळवतो. ती केवळ रीत आहे.

तुझा
बाबा